मातीतील साक्षीदार

मुलांच्या निमित्ताने अमेरिकेतील बोस्टन परिसरात काही महिने मुक्काम करणारे आपले अनेक वाचक आहेत. तेथील लेक्झिंग्टन, लिंकन आणि कॉन्कर्ड या गावांना जोडणाऱ्या एका विस्तीर्ण उद्यानात त्यांचे पाय सहज वळत असतील. दाट झाडी, दगड रचून केलेल्या बुटक्या भिंती, मधून जाणारी शांत वाट. १९५९ साली स्थापन झालेल्या या उद्यानाचे नाव ‘मिनिट मॅन राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान’. हाक येताच क्षणात शस्त्र घेऊन सज्ज होणारे जे ग्रामस्थ, ते ‘मिनिट मॅन’.

१९ एप्रिल १७७५ च्या पहाटे लेक्झिंग्टनच्या चौकात ब्रिटिश फौज आणि कॅप्टन जॉन पार्कर यांची ग्रामस्थांची तुकडी समोरासमोर आली. गोळीबारात गावचे आठ जण मृत्युमुखी पडले. फौज पुढे कॉन्कर्डला गेली. ती दुपारी त्याच रस्त्याने परतत असताना पार्कर यांनी उरलेल्या माणसांनिशी गावाच्या वेशीजवळ तिला गाठले. ही चकमक ‘पार्करचा प्रतिशोध’ या नावाने लोकस्मृतीत राहिली. ती नेमकी कोठे झाली, हे मात्र निश्चित ठाऊक नव्हते. लेखी पुरावा फारच तुटपुंजा होता.

सुमारे २४० वर्षांनी या प्रश्नाचा माग काढण्यासाठी पुरातत्त्वज्ञ डॉ. मेग वॉटर्स यांच्या नेतृत्वाखाली ४४ एकरांच्या परिसराचा शोध हाती घेण्यात आला. जमिनीच्या पोटात डोकावणारे रडार होते, जुने नकाशे होते. परंतु खरे काम केले ते मेटल डिटेक्टरने. या यंत्राच्या टोकाशी तारेचे वेटोळे असते. त्यातून विद्युत्प्रवाह वाहू लागला की भोवती सतत बदलणारे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. मातीतील धातूच्या तुकड्यात त्यामुळे सूक्ष्म प्रवाह उठतात, आणि त्यांचा प्रतिसाद यंत्र ध्वनीच्या रूपाने कळविते. लोखंड व शिसे यांचा प्रतिसाद भिन्न असल्याने सरावलेला कान खिळा आणि गोळी यांतील फरक पुष्कळदा ओळखतो.

या शोधात मस्केट बंदुकांच्या शिशाच्या गोळ्या सापडल्या, कोटाखालच्या बंडीचे तांब्याचे एक बटणही मिळाले. बाजारात या वस्तूंचे मोल ते काय! तथापि प्रत्येक वस्तू जेथे सापडली ते स्थान अचूक मोजून नकाशावर नोंदविले गेले, आणि तेथेच इतिहास बोलू लागला. आपटून चेपलेली गोळी म्हणजे झाडलेली गोळी. गोल, अखंड गोळी बहुधा घाईत हातून निसटलेली. सैन्याच्या गोळ्या ठरावीक आकाराच्या, तर ग्रामस्थांच्या बंदुका नाना प्रकारच्या, म्हणून त्यांच्या गोळ्याही लहानमोठ्या. कोणती गोळी कोठे पडली हे जुळविता जुळविता ग्रामस्थ कोठे दबा धरून होते आणि फौज कोणत्या बाजूने चालून आली, याचे चित्र उभे राहिले. कागदांनी जे राखून ठेवले नाही, ते मातीने राखले होते.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. त्याच गोळ्या एखाद्या हौशी प्रवाशाने उचलून दिवाणखान्यातील कपाटात मांडल्या असत्या, तर शिसे शिल्लक राहिले असते, साक्ष मात्र नष्ट झाली असती. म्हणूनच अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत हौसेखातर मेटल डिटेक्टर चालविण्यास सक्त मनाई आहे. नातवंडाला असे खेळण्यातील यंत्र भेट देणाऱ्या आजोबांनी हे अवश्य लक्षात ठेवावे.

आपल्याकडेही हा विचार नवा नाही. जमिनीत सापडणाऱ्या गुप्तधनाविषयीचा १८७८ चा कायदा आजही लागू आहे. दहा रुपयांहून अधिक मोलाचे धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळविणे त्यानुसार बंधनकारक आहे. त्या लेखी सूचनेत धनाचे स्वरूप व अंदाजे मोल यांच्या जोडीला ते कोठे व कोणत्या दिवशी सापडले हेही सांगावे लागते. स्थळाची नोंद किती मोलाची, हे त्या जुन्या कायद्यालाही उमगले होते.

घराचा पाया खणताना, विहिरीचा गाळ काढताना अथवा गावच्या बागेत रोप लावताना एखादे नाणे, भांडे वा मूर्ती वर आली, तर प्रथम हात आवरावा. वस्तू घासूनपुसून लखलखीत करण्याचा मोह टाळावा. आहे त्या जागी तिचे छायाचित्र घ्यावे, खोली मोजावी, जवळची खूण लिहून ठेवावी आणि मग जिल्हाधिकारी कार्यालयास कळवावे. वस्तू आपल्या घरी राहील की नाही, हा प्रश्न गौण आहे. तिच्यासोबत गावाची एक गोष्ट शतकानुशतके मातीत जपली गेली आहे. ती आपल्या हातून पुसली जाऊ नये, एवढे तरी आपल्याला करता येईल.