मौद्याहून मुंबई किती दूर?

नागपूरहून मुंबईस विमान दीड तासात पोचते, हे वाक्य आता इतके अंगवळणी पडले आहे की त्याचा अर्थ तपासून पाहावा असे कोणास वाटत नाही. हवाई अंतर सुमारे ६८० किलोमीटर; लोहमार्गाने ८३७ किलोमीटर व रात्रभराचा प्रवास; जून २०२५ मध्ये पूर्ण खुल्या झालेल्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाने सुमारे आठ तास. या हिशेबात विमानाची सरशी निर्विवाद दिसते. परंतु तिकिटावर छापलेला वेळ विमानाचा असतो, प्रवाशाचा नव्हे, एवढे आम्ही वाचकांच्या नजरेस आणू इच्छितो.

मौद्याचेच उदाहरण घ्या. कन्हानकाठचे हे तालुक्याचे गाव नागपूरच्या पूर्वेस, भंडारा मार्गावर. सोनेगावचा विमानतळ शहराच्या नैर्ऋत्येस. मधले ४०-४५ किलोमीटर तोडताना सारे शहर ओलांडावे लागते व गर्दीच्या वेळी त्यात दीड तास सहज जातो. विमान ६८० किलोमीटर कापते तेवढाच हा वेळ! त्यात विमानतळावरचे दोन तास व मुंबईत उतरल्यावरचा एक तास मिळवा, म्हणजे दीड तासाचा प्रवास सहा तासांचा होतो. उद्या विमानाची गती दुप्पट झाली, तरी यातून वाचणार तो जेमतेम पाऊण तास. तेवढाच वेळ जमिनीवरही वाचवता येईल, आणि तोही पुष्कळ कमी खर्चात.

नागपूरला हा धडा नवा नाही. १९४९ साली सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपाल योजनेत मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री सोनेगावी एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. आजच्या जेट विमानांपुढे ती विमाने मंदच. पण सायंकाळी टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी दूरच्या शहरी पोचे, कारण सारे टप्पे एकाच वेळापत्रकात गुंफलेले होते. जी काळजी त्या काळी कागदाच्या थैल्यांसाठी घेतली गेली, ती आज माणसांसाठी का घेतली जाऊ नये?

मौद्यातून विमानाने जाणारे असे कितीसे, हा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. परंतु विमानतळाच्या शेजारीच मिहान आहे आणि तेथे अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे रुग्णालयही आहे. विमानतळाकडे जाणारी थेट गाडी रोग्याला, विद्यार्थ्याला व कामगारालाही तितकीच उपयोगी पडेल. मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्यास डिसेंबर २०२२ मध्ये मंजुरी मिळाली. त्यात भंडारा मार्गावर प्रजापतीनगरपासून ट्रान्सपोर्टनगरपर्यंतचा विस्तार अंतर्भूत आहे. तो वेळेवर पुरा व्हावा, आणि मौद्याची एसटी तेथे मेट्रोच्या वेळेशी जुळवून यावी. तोवर पहाटेच्या व रात्रीच्या विमानांची वेळ साधणाऱ्या थेट गाड्या राज्य परिवहन महामंडळाने चालवाव्यात, अशी आमची मागणी आहे.

मौद्याच्या औष्णिक केंद्राची क्षमता २,३२० मेगावॉट आहे. तेथील वीज शेकडो कोसांवरच्या शहरांत क्षणात पोचते. ज्या गावाने त्यासाठी आपली जमीन दिली, तेथील माणसाला आपल्याच जिल्ह्याचा विमानतळ गाठण्यास मुंबईच्या विमानाइतका वेळ लागावा, हे नियोजनास शोभणारे नाही.