नजरेचा लगाम

अंगणात भुईनळा उडाला की आपली नजर आपसूक तिकडे धावते. धावायला तिला कुणी शिकवावे लागत नाही; पण तिला थोपवायचे, तर मेंदूला कष्ट पडतात.

हे कष्ट मोजण्याची युक्ती टोरांटो विद्यापीठातील पीटर हॅलेट यांनी १९७८ साली मांडली. समोर एका बाजूला प्रकाशाचा ठिपका उमटतो आणि पाहणाराने मुद्दाम उलट बाजूस पाहावयाचे! ठिपक्याकडे वळायला नजरेला सेकंदाचा सुमारे पाचवा हिस्सा पुरतो. उलट वळायला अधिक वेळ लागतो. कारण आधी ऊर्मी आवरायची आणि मग नवी दिशा धरायची. हा लगाम मुख्यतः कपाळामागच्या मेंदूच्या हाती असतो. त्या भागाला इजा झालेल्या रोग्यांची नजर वारंवार ठिपक्याकडेच ओढली जाते, असे १९८५ साली दिसून आले.

निरोगी म्हातारपणीही हा लगाम थोडा सैलावतो. नजर वळायला उशीर लागतो, चुका वाढतात. पण चुकलेली नजर बहुधा लगेच स्वतःहून माघारी फिरते. म्हणजे काय करायचे ते पक्के ठाऊक असते. आवरायलाच काय तो विलंब!

तेव्हा बोलता बोलता आजोबांची नजर टीव्हीकडे गेली, तर 'यांचे लक्षच नसते' असा शेरा मारण्याची घाई करू नये. टीव्ही बंद करावा, त्यांच्यासमोर बसावे आणि क्षणभर थांबावे. एवढी सवड दिली, तर यंदाच्या फराळात मीठ कमी पडल्याचेही ते बिनचूक सांगतील!