बॉनेट न उघडता निकाल

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर पुढं सरका.

गेल्या आठवड्यात सांगली-कोल्हापूर रोडवर एक जुनी एस्टीम अडवली. फोटो गावभर फिरला. त्याखाली आपल्याच लोकांनी काय काय लिहिलं ते वाचलं. "असल्यांना फोडून काढा", "गाडीवर रोलर फिरवा", "बापाचा पैसा". बाप रिक्षा चालवतो, ही माहिती कुणालाच नव्हती. असो.

आधी माझं पाप सांगतो. बारा-तेरा वर्षांपूर्वी मी ज्या दैनिकात होतो तिथं "मॉडिफाइड गाड्यांचा धुमाकूळ" अशी चार कॉलमी बातमी मीच लिहिली होती. एकाही गाडीचं बॉनेट उघडून न बघता. म्हणून यावेळी चलन फाडल्याच्या दुसऱ्या दिवशी त्या पोराच्या गॅरेजवर गेलो आणि अडीच तास बसलो.

पोरगा आयटीआय मोटर मेकॅनिक. गाडी भंगाराच्या भावात घेतलेली. १२९८ सीसीचं पेट्रोल इंजिन, कंपनीची ८५ हॉर्सपॉवर. त्यानं तिला टर्बो बसवलाय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सायलेन्सरकडं वाया जाणाऱ्या गरम धुरावर एक चक्र फिरतं, त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. जास्त हवा, म्हणून जास्त पेट्रोल, म्हणून जास्त ताकद. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरनं १९०५ मध्ये याचं पेटंट घेतलं. म्हणजे हे काही यूट्यूबवरून आलेलं खूळ नाही. आज शोरूममध्ये मिळणारी जवळजवळ प्रत्येक डिझेल गाडी टर्बोवरच चालते, आणि ती आपण पेढे वाटून घरी आणतो.

पण बसवणं सोपं, सांभाळणं अवघड. ते चक्र मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं. त्याला ऑइल प्रेशरनं जातं, पण परत येताना स्वतःच्या वजनानं उतरतं, म्हणून परतीचा पाइप सरळ उताराला लागतो. पोरानं पहिल्यांदा तो वाकडा टाकला होता. ऑइल तुंबलं, सील गेलं, निळा धूर. नंतर त्याला कळलं की भंगारातला डिझेल गाडीचा टर्बो पेट्रोलला धोक्याचा, कारण पेट्रोलचा धूर डिझेलपेक्षा बराच जास्त तापतो. मग इंजिन नॉक करायला लागलं आणि तिसऱ्या सिलिंडरचा पिस्टन रिंगेजवळ तुटला. तो तुटका पिस्टन त्यानं फळीवर ठेवलाय. मला हातात देऊन म्हणाला, "सर, ह्यो माझा डिप्लोमा."

दुसऱ्या वेळी त्यानं घाई केली नाही. पेट्रोलचा टर्बो, कमी कॉम्प्रेशनचे पिस्टन, मोठे इंजेक्टर, पुढं इंटरकूलर. धुरातला ऑक्सिजन मोजणारा वाइडबँड सेन्सर. साध्या चालीत एक किलो पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा लागते. बूस्ट चढला की मिश्रण मुद्दाम रिच करून १२ च्या आसपास आणायचं आणि ठिणगी थोडी उशिरा टाकायची, नाहीतर पुन्हा पिस्टन. बूस्ट किती ठेवलाय? फक्त ०.४ बार. "जास्त मिळतंय, पण इंजिन टिकाय पायजे की," हे त्याचं उत्तर. आणि ताकद वाढवायच्या आधी त्यानं पुढचे डिस्क ब्रेक मोठे केले होते. मी विचारलं, अडवलं तेव्हा ब्रेक कुणी बघितले? तो हसला. "आवाज आला म्हणून धरली, सर. ब्रेक कोण बघतंय?"

आता त्याच रोडवरचं दुसरं चित्र बघा. डिझेल गाडीला लॅपटॉप जोडायचा, कुठून तरी उतरवून घेतलेली फाइल टाकायची, ईजीआर बंद करायचा आणि "स्टेज टू" म्हणून पैसे घ्यायचे. ना गाडीची तब्येत बघायची, ना काही मोजायचं. हवा तेवढीच आणि डिझेल जास्त, मग मागच्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर काळा लोट. तो धूर बघून पुढं बसलेली पोरं खिदळतात. ह्यांना माझा हात जोडून नाही, चांगला बोट दाखवून विरोध आहे. पण ह्यांचा सायलेन्सर कंपनीचा असतो, आवाज नसतो, म्हणून ती सुटतात. सीझनमध्ये पंप वाढवलेला ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ऊस घेऊन रात्री निघतो, मागं रिफ्लेक्टरचा पत्ता नाही, तोही सुटतो. आणि धूर ओकणाऱ्या गाडीला पीयूसी कसं मिळतं हे मला विचारू नका, तुम्हालाही माहीत आहे.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२: कंपनीनं ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल मालकानं करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. म्हणजे पोराचं चलन बेकायदा नाही. त्याचा बचाव मी करत नाही. पहाटे चारला मित्राच्या मांडीवर लॅपटॉप देऊन हायवेवर ट्यूनिंग करत होता, हे त्यानं स्वतः सांगितलं, आणि त्यावरून मी त्याला झापलंसुद्धा. समोरून दूधवाला आला असता तर?

पण मग करायचं कुठं? गाडी जागेवर ठेवून चाकांची ताकद मोजणारा डायनो आपल्या तालुक्यात दाखवा. आणि तपासून घ्यायचं म्हटलं तर कुणाकडं जायचं?

इथंच माझं भांडण आहे. याच कायद्यात सीएनजी किटला वाट आहे. मान्यताप्राप्त किट, आरटीओची परवानगी, आरसीवर नोंद, दर तीन वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट. डिकीत २०० बार दाबाची टाकी घेऊन आपण सहकुटुंब जोतिबाला जातो आणि त्यात कुणाला धुमाकूळ दिसत नाही, कारण ती तपासलेली असते. ०.४ बारच्या टर्बोला मात्र तपासणीच नाही, थेट दंड. एकट्या माणसानं एका गाडीत केलेला बदल बघून "हे चालेल, हे काढ" असं सांगणारी खिडकी आरटीओत नाही. जर्मनीत ट्यूफसारख्या संस्थेचा तपासनीस अशी एकेक गाडी बघतो, ब्रेक, धूर, आवाज तपासतो आणि पास झाली तर कागदावर चढवतो. आपल्याकडं १९६६ पासून पुण्यात एआरएआय आहे. तिथं मोठ्या कंपन्या जातात. आपल्या गॅरेजवाल्यानं कुठं जायचं?

काही जण म्हणतील, वाट दिली तर रस्त्यावर शर्यती वाढतील. उलट आहे. आज मोठे ब्रेक बसवणारा आणि फाइल चिकटवणारा, दोघांना कायदा एकाच पारड्यात टाकतो. मग ब्रेकवर पैसे कोण घालवणार? सायलेन्सर तेवढा शांत ठेवायचा, की झालं. आपण पोरांना लपवायला शिकवतोय.

आणि ज्या जिल्ह्यात उद्यमनगरच्या कारागिरांनी शेतकऱ्याला ऑइल इंजिनं बनवून दिली, तिथं इंजिनात हात घालणाऱ्या पोराला टवाळ म्हणायचं?

पोरगा टर्बो उतरवून गाडी विकायच्या विचारात आहे. घरून दबाव आहे, वडिलांना लाज वाटते म्हणे. मी त्याला रविवारपर्यंत थांब म्हणालोय. आरटीओत मी लेखी अर्ज देणार आहे: या गाडीची तपासणी करा, काय चालेल आणि काय नाही ते कागदावर द्या. जे उत्तर येईल ते इथंच टाकीन, उत्तर नाही आलं तर तेही.

रविवारी सकाळी दहाला मी त्याच्या गॅरेजवर आहे. "रोलर फिरवा" लिहिणाऱ्यांनी जरूर यावं. बॉनेट उघडं असेल.