खिळ्यांची डोकी

केनेडीच्या डोक्याबद्दल जगाला सगळं पाठ आहे. १९६३ साली डॅलसच्या रस्त्यात गोळी लागली तेव्हा झाप्रुडर नावाच्या एका कपडे बनवणाऱ्याच्या हातात कॅमेरा होता. सव्वीस सेकंदांची फिल्म. 'लाइफ' मासिकानं ती विकत घेतली, तिच्यातले फोटो छापले आणि हलती फिल्म कुलपात टाकली. सामान्य अमेरिकनाला ती टीव्हीवर दिसली १९७५ साली. पोस्टमॉर्टेम करणाऱ्या नौदलाच्या डॉक्टरानं आपली टिपणं घरी जाळली. मग डोकं मागं गेलं की पुढं, गोळी पाठीमागून आली की समोरून, यावर पुस्तकांचे डोंगर उभे राहिले. आपल्याकडचे इंग्रजी वाचणारे पांढरपेशेसुद्धा त्यावर चहा गार होईस्तोवर बोलतात. बोलोत. राष्ट्राध्यक्षाचं डोकं होतं ते.

मला दुसऱ्या एका डोक्याबद्दल बोलायचंय. ते एकवीस वर्षांच्या काळ्या पोराचं होतं आणि उशीवर होतं.

१९७२ साली मुंबईतल्या पोरांनी ज्या ब्लॅक पँथरवरून स्वतःचं नाव घेतलं, त्या ब्लॅक पँथरचा इलिनॉय राज्याचा अध्यक्ष फ्रेड हॅम्प्टन. शिकागोत वस्तीतल्या लेकरांना शाळेआधी फुकट न्याहारी द्यायचा. पोर्तो रिकोच्या पोरांना आणि गरीब गोऱ्यांना एका मोर्चात आणायचा. हे दुसरं सत्तेला जास्त झोंबलं असणार. ४ डिसेंबर १९६९, पहाटे पावणेपाचचा सुमार, मन्रो स्ट्रीटवरचं भाड्याचं घर. सरकारी वकील एडवर्ड हॅनरहनचे चौदा पोलीस आले. कागदावर कारण काय, तर बेकायदा हत्यारांची झडती. काही मिनिटांत फ्रेड आणि बावीस वर्षांचा मार्क क्लार्क मेले होते, चारजण जखमी. फ्रेडशेजारी झोपलेली त्याची बायकोसारखी जोडीदारीण डेबोरा, नऊ महिने भरत आलेली. तिला बाहेर ओढलं. तिची जबानी अशी, की त्यानंतर पोलीस आत गेले, हा अजून जिवंत आहे का अशी चर्चा झाली, दोन बार वाजले, आणि आता पुरता मेला असं कुणीतरी म्हणालं.

हॅनरहननं पत्रकार बोलावले. म्हणाला, पँथरांनी आधी गोळ्या झाडल्या, चकमक झाली, पोलिसांनी केवढा संयम दाखवला. ही भाषा आपल्याला नवी नाही. चकमक हा शब्द सगळ्या देशांत एकाच छापखान्यात छापतात.

पण पोलिसांनी एक गोष्ट केली नाही. घराला सील ठोकलं नाही. पंचनामा अर्धामुर्धा उरकून दार उघडं टाकून निघून गेले. कदाचित त्यांना वाटलं असेल, काळ्यांच्या खोलीत बघायला येणारंय कोण! पण लोक आले. माइक ग्रे आणि हॉवर्ड आल्क हे दोन गोरे फिल्मवाले फ्रेडवर आधीपासूनच फिल्म करत होते. त्यांची माणसं कॅमेरा घेऊन आत शिरली. भिंती, गादी, रक्त, दारं, एकेक भोक टिपून घेतलं. तरुण वकिलांनी पडलेली काडतुसं गोळा केली, खुणा केल्या. आणि मग वस्तीतली माणसं रांगा लावून आत गेली. हजारो. म्हाताऱ्या बायका, शाळेची पोरं. पँथरांची पोरं त्यांना हात लावू देत नव्हती, नुसतं दाखवत होती. एका बाजूची भिंत गोळ्यांनी चाळणीसारखी. उलट बाजूला जवळपास काही नाही. हे कळायला डॉक्टर लागत नाही की वकील.

आता खिळ्यांचं ऐका. ११ डिसेंबरच्या 'शिकागो ट्रिब्यून'मध्ये हॅनरहननं पुरवलेले फोटो छापून आले. दारावरच्या काळ्या ठिपक्यांभोवती वर्तुळं, आणि या म्हणे पँथरांनी झाडलेल्या गोळ्यांच्या खुणा. दुसऱ्या पेपरचे, 'सन-टाइम्स'चे, वार्ताहर त्या घरात जाऊन दाराजवळ उभे राहिले. ती भोकं नव्हतीच. खिळ्यांची डोकी होती! एवढी मोठी वर्तमानपत्री फजिती का झाली? तर दार उघडं होतं म्हणून. सील असतं तर ते खिळे आजपर्यंत गोळ्याच राहिले असते. त्याच दिवशी टीव्हीवर पोलिसांनी हल्ल्याचं नाटक करून दाखवलं, कोण कुठं उभा होता, कुठून गोळी आली वगैरे. म्हणजे एका बाजूला खऱ्या घराची फिल्म, दुसऱ्या बाजूला खाकीनं केलेली नाटकाची फिल्म. दोन्ही फिल्मच. फिल्म खोटं बोलत नाही असं जो म्हणतो त्याला हे दोन रीळ शेजारी लावून दाखवा.

मढ्याचंही तेच झालं. कॉरोनर हा शब्द जुन्या मुंबईकराला माहीत आहे. शिकागोच्या कॉरोनरकडं पहिलं पोस्टमॉर्टेम झालं. घरच्यांचा विश्वास बसला नाही, त्यांनी बाहेरच्या डॉक्टरकडून दुसरं करवलं. त्यातल्या रक्ताच्या तपासणीत सेकोबार्बिटल हे झोपेचं औषध भरपूर सापडलं. एफबीआयच्या प्रयोगशाळेला काहीच सापडलं नाही. मग लुईझियानात पुरलेलं प्रेत १९७० साली उकरून काढलं, तिसऱ्यांदा चिरलं. औषध नाही म्हणाले. रसायनशास्त्रज्ञ विरुद्ध रसायनशास्त्रज्ञ. मेलेल्या पोराला तीनदा फाडलं आणि तो झोपलेला होता की झोपवलेला, हा वाद आजही मिटलेला नाही. (आपल्याकडं खैरलांजीत २००६ साली पुरलेली प्रेतं उकरून दुसरं पोस्टमॉर्टेम करावं लागलं. पहिल्या कागदावर कोण विश्वास ठेवणार होतं?)

इथं मला आपल्याच पोरांशी भांडायचंय. ४ डिसेंबरच्या सभेसाठी पोस्टर तयार झालंय. त्यावर लाल अक्षरात लिहिलंय, 'झोपेचं औषध पाजून मारलं'. मी विचारलं, शाबीत झालंय का? तर म्हणतात, सगळ्यांना माहीत आहे. अरे बाबांनो, माहीत असणं आणि शाबीत होणं यातल्या फटीतच तर आपली माणसं मरतात! औषध असेलही. विल्यम ओ'नील हा फ्रेडचा अंगरक्षक एफबीआयचा खबऱ्या निघाला. गाडीचोरीत सापडलेला, तिथून फितवलेला. घराचा नकाशा त्यानंच दिला, फ्रेडचा पलंग कुठं आहे ते सुद्धा त्यात होतं. खुनानंतर त्याला तीनशे डॉलरचं बक्षीस मिळालं. हे सगळं एफबीआयच्याच कागदांत आहे. पण पेल्यात औषध त्यानंच टाकलं हे कुठल्याही कागदात नाही. आपण ते ठोकून दिलं की समोरचा तेवढ्या एका वाक्याला धरतो, आणि नकाशा, बक्षीस, गोळ्या सगळंच 'अफवा' म्हणून गटारात टाकतो.

आणि गरज काय आहे? सरकारचीच ग्रँड ज्युरी. मे १९७०चा तिचाच अहवाल. एफबीआयच्याच बंदूकतज्ज्ञानं मोजदाद केली. पोलिसांनी झाडलेल्या गोळ्या ८२ ते ९९. पँथरांची एक. ती मार्क क्लार्कच्या बंदुकीतली. पोलिसांच्या प्रयोगशाळेनं काडतुसं चुकीच्या बंदुकीशी जुळवली होती, हेही तिथंच बाहेर आलं. एवढं सगळं लिहून ज्युरीनं आरोप कुणावर ठेवला? कुणावरही नाही. वाचलेल्या सात जणांवरचे खुनाच्या प्रयत्नाचे खटले तेवढे मागं घ्यावे लागले. हॅनरहनवर पुढं पुरावा दाबल्याचा खटला झाला, १९७२ साली तो सुटला. त्याच वर्षी मतदारांनी त्याला घरी बसवला, तेवढंच. दिवाणी दावा तेरा वर्षं चालला. सरकारनं कागद दाबले असं १९७९ साली वरच्या कोर्टानंच म्हटलं. १९८२ साली शहर, जिल्हा आणि केंद्र सरकारनं मिळून साडेअठरा लाख डॉलर देऊन मिटवलं. त्या पहाटेसाठी एकही पोलीस तुरुंगात गेला नाही.

मग ती फिल्म, त्या रांगा, ती गोळा केलेली काडतुसं फुकट गेली म्हणता? नाही. त्या नसत्या तर 'एक विरुद्ध नव्याण्णव' हा आकडाच जन्माला आला नसता. रमाबाई नगरात १९९७ साली दहा माणसं मारली तेव्हाही पोलिसांकडं खिळे होतेच, फक्त त्यांचं नाव गॅसचे टँकर होतं. तिथंही टँकर कुठं उभे होते आणि माणसं कुठं पडली, हे वस्तीनंच पुन्हा पुन्हा दाखवलं, तेव्हा आयोगाला लिहावं लागलं की गोळीबाराची गरज नव्हती.

तेव्हा पोस्टर बदला. औषधाची ओळ खोडा. तिथं दोनच आकडे लिहा, ९९ आणि १, लांबून वाचता येतील एवढे मोठे, आणि खाली ग्रँड ज्युरीचं नाव व साल. उरलेल्या जागेत त्या उघड्या दाराचा फोटो टाका. सभा सातला आहे. माइक ग्रे आणि हॉवर्ड आल्क यांची १९७१ची 'द मर्डर ऑफ फ्रेड हॅम्प्टन' दाखवणार आहोत, पडदा धुवून आणा.