ओस पडलेला पार

मराठवाड्यातील विद्यार्थ्यांच्या कित्येक तुकड्या लातूर आणि नांदेड येथे भाड्याच्या खोलीत राहून, खानावळीचे डबे खाऊन शिकल्या. शिक्षण संपताच कोणी पुण्याला गेले, कोणी हैदराबादला, तर कोणी थेट परदेशी. या पांगापांगीत मैत्री टिकविण्याचे काम काही काळ ऑर्कुटने केले, पुढे हाइक या भारतीय ॲपने. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले, हाइक जानेवारी २०२१ मध्ये. तेथील गप्पाही त्यांच्याबरोबर गेल्या.

त्याच जानेवारीत व्हॉट्सॲपच्या नव्या गोपनीयता धोरणावरून गदारोळ उठला. असंख्य लोकांनी टेलिग्राम आणि सिग्नल जवळ केले. पुढे अनेकजण मुकाट्याने परतले. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये झोहो कंपनीच्या 'अरट्टई'विषयी उत्साहाची अशीच लाट आली आणि ओसरली. आज कोणी ते जुने ॲप पुन्हा उघडले, तर नावांची यादी जागच्या जागी दिसते. परंतु 'कसा आहेस?' या प्रश्नाला उत्तर येत नाही. पार तोच असतो, बसणारी माणसे उठून गेलेली असतात.

म्हणून मित्रांना निष्ठाहीन ठरविणे अन्यायाचे होईल. मुलांच्या शाळेच्या सूचना, भिशीचा हिशेब, दुकानदाराची मागणी हे सारे जेथे चालते तेथेच माणूस राहणार. प्रत्येकजण दुसऱ्याची वाट पाहतो आणि कोणीच हलत नाही. एकट्याचा निश्चय येथे तोकडा पडतो. केवळ स्वदेशी ॲप निर्माण करूनही भागत नाही, हे हाइकने दाखवून दिलेच आहे.

मग मार्ग कोणता? २० जानेवारी २०११ पासून देशभर मोबाइल कंपनी बदलूनही क्रमांक कायम ठेवता येऊ लागला. २०१६ मध्ये आलेल्या यूपीआयमुळे एका ॲपवरून पाठविलेले पैसे दुसऱ्या ॲपच्या ग्राहकाला मिळतात. पैसा कुंपण ओलांडू शकतो, तर निरोप का नाही? युरोपीय संघाने कायदा करून व्हॉट्सॲपसारख्या बलाढ्य सेवांना आपले दार इतरांसाठी उघडण्यास भाग पाडले आहे. झोहोचे श्रीधर वेंबू यांनीही यूपीआयच्या धर्तीवर अशा जोडणीचा आग्रह धरला आहे. भारतातही अशी व्यवस्था झाली, तर ॲप बदलताना मित्र गमावण्याची पाळी येणार नाही. सुजाण नागरिकांनी ही मागणी लावून धरली पाहिजे.

तोवर करण्याजोगे बरेच आहे. ॲप बदलायचे तर संपूर्ण गटाने एक दिवस ठरवून बदलावे. मित्रांचे क्रमांक आणि घरचे पत्ते वहीत उतरवून ठेवावेत. कंपनीच्या मर्जीवर सोडू नयेत. दिवाळीला गावी येणाऱ्यांनी निरोपाची वाट न पाहता थेट मित्राच्या घरी जावे. संपर्काचा तो मार्ग बंद करण्याचा अधिकार कोणत्याही कंपनीला नाही.