चिखलातली पन्नाशी



परदेशात राहणाऱ्या माणसाच्या वाढदिवसाचे तीन टप्पे असतात. पहिल्या दोन-चार वर्षांत वाढदिवस म्हणजे घरच्या फोनची वाट पाहणे. मग ओळखी वाढतात आणि वाढदिवस म्हणजे पंधरा कुटुंबे, पावभाजी, केक आणि निघताना दारातच रंगलेल्या अर्ध्या तासाच्या गप्पा. आखाताला मात्र तिसराही टप्पा आहे. अमेरिकेत, इंग्लंडात स्थायिक झालेली मंडळी पुढे तिथलीच होतात. इथे आपण नोकरी आणि व्हिसा असेपर्यंतचे पाहुणे! ज्यांच्या मुलांची बारशी आपण जेवलो, ती कुटुंबे एकेक करून सामान बांधतात. एके दिवशी वाढदिवसाची यादी करायला बसावे, तर निम्मी नावे पुण्यात, नाशकात किंवा ठाण्यात निघतात.

२०२० आणि २०२१ ही दोन वर्षे ह्या बाबतीत फारच कठीण गेली. करोनामुळे अनेकांच्या नोकऱ्या गेल्या, आमच्या जुन्या कंपूतली पाच कुटुंबे परतली. आम्हीही घर बदलून अल हैलला आलो. जे वाचक मस्कतला आलेले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. विमानतळाच्या पश्चिमेला, सीब विलायतीत, समुद्राच्या कडेने पसरलेली ही वस्ती. हमरस्त्याच्या समुद्राकडच्या बाजूला उत्तर अल हैल आणि पलीकडे दक्षिण अल हैल. पांढरी-बदामी घरे, मधूनच एखादी खजुराची बाग, संध्याकाळी किनाऱ्यावर फुटबॉल खेळणारी पोरे. घर छान होते, पण मराठी शेजार नव्हता. एका बाजूला केरळी परिचारिकेचे कुटुंब, समोर ओमानी कुटुंब, वरच्या मजल्यावर लाहोरचे इंजिनियर. ओळख 'सलाम आलेकुम'च्या पुढे सरकलेली नव्हती.

त्यातच आमच्या सौ.ची पन्नाशी आली. ८ ऑक्टोबर २०२१, शुक्रवार. सुट्टीचा दिवस, नवरात्राची दुसरी माळ. आम्ही विचारले, काय करायचे? त्या म्हणाल्या, "काही नको. कुणाला बोलवायचं?" मंडळी, ह्या दोन शब्दांत आखातातले सगळे एकटेपण आले!

पण त्याआधीच्या रविवारी, ३ ऑक्टोबरला, 'शाहीन' वादळ ओमानच्या किनाऱ्यावर आदळले. ह्या वादळाची कुळकथा मोठी चमत्कारिक आहे. सप्टेंबरच्या अखेरीस बंगालच्या उपसागरात 'गुलाब' नावाचे वादळ उठले आणि २६ तारखेला आंध्रच्या किनाऱ्यावर चढले. त्याचा जोर ओसरला, पण उरलेला कमी दाबाचा पट्टा तेलंगणातून आपल्या मराठवाड्यावर आला. बीड, लातूर, उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांत पिके पाण्याखाली गेली, मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले. तेच अवशेष गुजरातमार्गे अरबी समुद्रात उतरले, उबदार पाण्यावर पुन्हा तरारले आणि नवे नाव घेऊन इकडे निघाले. शाहीन म्हणजे ससाणा.

आमच्या सौ.चे माहेर लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातले. भावाने फोनवर सांगितले होते, "सोयाबीन गेलं गं सगळं." पाचच दिवसांनी तेच वादळ बहिणीच्या दारात! एकच पाऊस माहेरी आणि सासरी दोन्हीकडे पोचल्याचे उदाहरण आम्ही तरी पहिल्यांदाच पाहिले.

मस्कतला पाणी तुंबले, वाड्या धो धो वाहिल्या. (इथे 'वाडी' म्हणजे एरवी कोरडे पडलेले नदीचे पात्र, आपली नारळी-पोफळीची वाडी नव्हे.) पण खरा तडाखा बसला तो पुढच्या बातिना किनाऱ्याला, म्हणजे मुसन्ना, सुवैक, खाबुरा ह्या भागाला. ज्या किनाऱ्यावर वर्षाकाठी जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस पडतो, तिथे खाबुऱ्याला एका दिवसात तीनशेहून जास्त मिलिमीटर पडला. दहाहून अधिक माणसे दगावली. घराघरांत गुडघाभर गाळ शिरला, खजुराच्या आणि लिंबाच्या बागा झोपल्या.

आणि मग ओमानी माणूस घराबाहेर पडला. सलाला, निझवा, सूर, जिथून तिथून गाड्या निघाल्या. कुणी पाण्याच्या बाटल्या, कुणी गाद्या, कुणी पंप घेऊन. शुक्रवारी तर हजारो स्वयंसेवक बातिनाकडे निघाले. गुरुवारी संध्याकाळी समोरचे ओमानी गृहस्थ गाडीत फावडी भरताना दिसले. सौ. गॅलरीतून खाली गेल्या आणि विचारून आल्या, "उद्या आम्ही आलो तर चालेल का?" वर येऊन आम्हाला म्हणाल्या, "अहो, गमबूट कुठे मिळतील?"

आम्ही जरा बिचकलोच. पन्नाशीचा दिवस, घरी घट बसलेले, अखंड दिवा तेवतोय. त्यावर त्यांनी जे सांगितले ते पंचवीस वर्षांच्या संसारात आम्हाला कधी सांगितले नव्हते.

३० सप्टेंबर १९९३ची पहाट. आदल्या दिवशी गणपतीचे विसर्जन झालेले, गावे गाढ झोपलेली आणि किल्लारीचा भूकंप झाला. त्यांच्या गावातली निम्मी घरे बसली. त्यांच्या घराची एक भिंत गेली, माणसे वाचली. आठ दिवसांनी त्यांना तेविसावे वर्ष लागले. वाढदिवस कुणाच्या ध्यानात असणार? "पण त्या दिवशी आमच्या अंगणातले दगड उचलायला कुठली कुठली कॉलेजची मुलं आली होती. त्यांची नावंसुद्धा कळली नाहीत. आईनं सगळ्यांना ताक दिलं. तेवढंच होतं घरात." एवढे बोलून त्या उद्याच्या दशम्या करायला लागल्या.

शुक्रवारी फजरच्या नमाजानंतर तीन गाड्या निघाल्या. ओमानी कुटुंब, केरळी पती-पत्नी, लाहोरचे इंजिनियर आणि आम्ही दोघे. दिव्याला तेल घालायला लेक घरी थांबली. बरका ओलांडले आणि रस्त्याच्या दुतर्फा वाहून आलेल्या गाड्या, आडवे खांब, कुंपणाला अडकलेले कपडे दिसू लागले. सुवैकजवळच्या एका वस्तीत आम्हाला तीन घरे नेमून दिली गेली.

गाळ काढणे हे काम वाटते तितके सोपे नाही. वरचा ओला थर वायपरने बाहेर लोटता येतो, पण खालचा थर सिमेंटासारखा बसलेला असतो. तो फावड्याने खरवडायचा, घमेल्यात भरायचा, पुन्हा पाणी मारायचे. गालिचा भिजला की चौघांनाही उचलत नाही. सर्वांत वाईट वाटते ते कपाट उघडताना. लग्नाचे फोटो, मुलांची दप्तरे, कागदपत्रे, सगळ्याचा लगदा. केरळी वहिनी काम करता करता म्हणाल्या की २०१८च्या महापुरात त्यांच्या माहेरी अगदी हेच झाले होते. लाहोरचे भाई शेजारच्या मळ्यावरच्या बांगलादेशी मजुरांकडे वळले. त्यांची पत्र्याची खोली पार वाहून गेली होती आणि त्यांच्याकडे कुणाचे फारसे लक्ष गेलेले नव्हते. त्या तिघांचे अंथरूण-पांघरूण, जेवण आमच्या गाडीतूनच गेले.

दुपारी जमिनीवर मोठे ताट आले. भात, मासे आणि त्याच्याशेजारी आमच्या दशम्या नि शेंगदाण्याची चटणी. एका ताटात आठ हात! तिथे केरळी वहिनींनी वाढदिवसाचे गुपित फोडले. (लेकीने त्यांना फोन केला होता.) पेट्रोल पंपावरच्या दुकानातून आणलेला छोटा केक निघाला. घरची म्हातारी आजी काही वेळ पाहत राहिली, मग उठली. ओलसर वास जावा म्हणून तिने खोल्यांतून लोबानाची धुपाटणी फिरवत ठेवली होती. तीच घेऊन ती सौ.पाशी आली, त्यांच्या ओढणीभोवती धूर फिरवला आणि म्हणाली, "कुल आम व अंती बिखैर." दर वर्षी तुझे भले असो. सौ. वाकून पाया पडल्या. आजीला ती रीत ठाऊक नसावी, पण तिने हात बरोबर डोक्यावरच ठेवला.

संध्याकाळी परतताना कुणी फारसे बोलले नाही. अंग ठणकत होते. पण त्या दिवसापासून अल हैलमध्ये आम्हाला शेजार मिळाला. रमझानात समोरून हरीस येते, दिवाळीला इथून चकल्या जातात, आणि लाहोरचे भाई गच्चीवर आमच्याशी क्रिकेटवरून मनसोक्त भांडतात.

हे सगळे सांगण्याचे कारण असे. आपण मंडळाच्या गणपतीत, संक्रांतीत, नाटकांत खपतो, ते हवेच. पण ज्या देशाचे मीठ खातो तिथल्या लोकांच्या ओळखीविना वीस-वीस वर्षे काढतो. मैत्री जेवणावळीतून होते हे खरे, पण बरोबर काम केल्याने ती लवकर होते आणि टिकते. त्यासाठी वादळाची वाट पाहायला नको. बौशरच्या रक्तपेढीत वाढदिवसाला रक्त देता येते. किनाऱ्याच्या सफाईत मुलांना नेता येते. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. ओमानमध्ये परवानगीशिवाय पैसे किंवा वर्गणी गोळा करणे कायद्याने मना आहे, तेव्हा मदत द्यायची ती ओमान चॅरिटेबल ऑर्गनायझेशनसारख्या मान्यताप्राप्त संस्थेतर्फेच. हातांच्या मदतीसाठीही कुणा स्थानिकाबरोबर, यंत्रणेच्या सांगण्याप्रमाणे जावे.

आणि अशा ठिकाणी गेलात तर मजुरांच्या खोल्यांकडे आधी पाहा. घरमालकाच्या मदतीला गाव धावते. दूर देशाहून एकटा आलेल्या माणसाला काय हवे असते, ते आपल्यापेक्षा जास्त कोण जाणणार?

पुढल्या अंकात भेटूच.