नायकाचे वय पटकथेत लिहा

एप्रिल 2025 मध्ये ‘आदित्य 369’ पुन्हा चित्रपटगृहांत आला, तेव्हा नंदमुरी बालकृष्ण पासष्टीला टेकले होते. मूळ चित्रपट 1991 चा, दिग्दर्शक सिंगीतम श्रीनिवास राव. कालयंत्रात बसलेला तरुण कृष्णकुमार 1526 सालच्या विजयनगरात पोहोचतो आणि तिथून 2504 सालात भरकटतो. नायक आणि कृष्णदेवराय अशा दोन्ही भूमिका बालकृष्ण यांनीच केल्या होत्या. दुसऱ्या भागाची चर्चा अनेक वर्षे चालू आहे. त्यात त्यांचा मुलगा मोक्षज्ञ असेल, असेही सांगितले गेले आहे.

वय झालेल्या नायकाला परत आणण्याचा हा विषय मराठी पटकथाकारांच्या मासिकात आणण्याचे कारण पैनगंगेच्या दक्षिणेला आहे. आदिलाबाद जिल्ह्यातल्या तामसीसारख्या गावात घरात मराठी आणि बाजारात तेलुगू बोलणारा प्रेक्षक राहतो. त्याच्या लहानपणात ‘आदित्य 369’ आणि ‘झपाटलेला’ शेजारी शेजारी बसू शकतात. जुन्या नायकाला परत आणताना हैदराबादने काय केले आणि मुंबईने काय केले, हे तो एकाच घरात, एकाच पडद्यावर ताडून पाहतो. त्याला आपली सबब चालणार नाही.

आपल्याकडे सिक्वेलचे नॅरेशन बहुतेक वेळा एकाच वाक्यात उरकते: हिरो तोच, गोष्ट वीस वर्षांनंतरची. मग जुन्या चित्रपटातले गाजलेले प्रसंग काढून ठेवले जातात, त्यांना नवी ठिकाणे दिली जातात, आणि नायकाच्या वयाचा प्रश्न केस रंगवणारा, डुप्लिकेट आणि व्हीएफएक्सवाले सोडवतील असे गृहीत धरले जाते. आमचे म्हणणे असे की हा प्रश्न त्या तिघांचा नाहीच, तो लेखकाचा आहे. वय जर लिहिलेले नसेल, तर सेटवर कोणीही ते नंतर घालू शकत नाही, आणि लपवू तर त्याहून शकत नाही.

हॅरिसन फोर्ड यांचा ‘इंडियाना जोन्स अँड द डायल ऑफ डेस्टिनी’ (2023) आपण सर्वांनी पटकथा समोर ठेवून अभ्यासावा असा चित्रपट आहे, कारण त्यात बरोबर आणि चूक दोन्ही एकाच रिळात सापडतात. सुरुवातीची वीसेक मिनिटे 1944 सालातली आहेत. तिथे फोर्ड यांना संगणकाने तरुण केले आहे, आणि त्यासाठी त्यांच्याच जुन्या चित्रपटांतली दृश्ये वापरली गेली. चेहरा थक्क करतो. पण रेल्वेच्या टपावर चालणारी चाल आणि तोंडातून निघणारा आवाज वयस्क माणसाचा आहे. प्रेक्षकाला दोष नेमका सांगता आला नाही तरी तो जाणवतो, आणि धोक्यात कोण आहे याबद्दलची त्याची काळजी तिथेच सैल पडते.

यानंतर गोष्ट 1969 मध्ये येते. शेजाऱ्यांच्या मोठ्या आवाजातल्या गाण्यांनी जागा झालेला, महाविद्यालयातून निवृत्त होणारा, मुलगा युद्धात गमावलेला, घटस्फोटाच्या उंबरठ्यावरचा इंडी. इथे एकही स्टंट नाही आणि इथेच तो सर्वाधिक धरून ठेवतो. पुढे गुहेतल्या कड्यावर चढताना तो अर्ध्यात थांबतो आणि आपल्या शरीराने आयुष्यभर काय काय सोसले ते ऐकवतो. चढणे हे दृश्य आणि दम लागणे हा संवाद. साहसपटातले म्हातारपण असे लिहायचे असते. दिग्दर्शक जेम्स मँगोल्ड यांनी ही वाट धरून पूर्ण चित्रपट केला असता, तर त्या अवाढव्य खर्चाची गरजच पडली नसती, असे आम्हाला वाटते. जगभरातून सुमारे 38 कोटी डॉलर येऊनही तो तोट्यात गेला.

चित्रीकरणाच्या काळात, 2021 मध्ये, मारामारीच्या तालमीत फोर्ड यांचा खांदा दुखावला आणि वेळापत्रक बदलावे लागले. निर्मात्यांनी ही गोष्ट अपघात म्हणून बाजूला ठेवू नये. सत्तरी ओलांडलेल्या नटाचा फाइट सीन लिहिणे म्हणजे शेड्यूलमध्ये मोकळे आठवडे लिहिणे.

शरीराची मर्यादा चांगले दृश्य देऊ शकते, याचा पुरावा याच मालिकेच्या पहिल्या भागात आहे. ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ (1981) च्या वेळी ट्युनिशियात फोर्ड पोटाच्या विकाराने हैराण होते. तलवारबाजाशी चाबकाने लांबलचक झुंज ठरलेली होती, तेवढा वेळ उभे राहणे त्यांना शक्य नव्हते. मग इंडी पिस्तूल काढतो आणि एका गोळीत विषय संपवतो. लोकांना त्या चित्रपटातले दुसरे काही आठवत नसले तरी हे आठवते. तेव्हा फोर्ड चाळिशीतही नव्हते.

अमिताभ बच्चन आणि फोर्ड यांचा जन्म एकाच वर्षी, 1942 साली झाला. ‘डायल ऑफ डेस्टिनी’ नंतर वर्षभराने नाग अश्विन यांच्या ‘कल्की 2898 एडी’ मध्ये बच्चन अश्वत्थामा झाले. इथेही तरुणपणाचा संगणकी तुकडा आहे, पण चित्रपट त्यावर उभा नाही. नर्मदा परिक्रमेत जखमेसाठी तेल मागणाऱ्या अश्वत्थाम्याच्या गोष्टी ऐकून मोठ्या झालेल्या मराठी माणसाला या निवडीतली ताकद वेगळी समजावून सांगावी लागत नाही. मरण नाकारलेला म्हातारा: त्याच्या सुरकुत्या हाच त्याचा शाप, आणि त्याचे बळ हाही त्याच शापाचा भाग. ऐंशी ओलांडलेला नट उंच उडी घेतो, तेव्हा प्रेक्षक डुप्लिकेट शोधत नाही, कारण लेखकाने त्या उडीचे कारण आधीच देऊन ठेवले आहे. या चित्रपटाच्या लेखनाला मार्गदर्शन करणाऱ्यांत ‘आदित्य 369’ चेच सिंगीतम होते, हे आम्हाला योगायोगापेक्षा जास्त वाटते.

आता आपल्या अंगणात. ‘झपाटलेला’ 1993 चा. त्याचा खरा स्टार तात्या विंचू, म्हणजे रामदास पाध्ये यांचा बाहुला आणि दिलीप प्रभावळकर यांचा आवाज. बाहुल्याला वय नसते. 2013 मध्ये महेश कोठारे यांनी त्रिमितीत दुसरा भाग केला, तेव्हा पहिल्या भागाचे नायक लक्ष्मीकांत बेर्डे, म्हणजे सर्वांचा लक्ष्या, यांना जाऊन आठ वर्षे झाली होती. कोठारे यांनी कथा लक्ष्याच्या मुलाकडे वळवली, ती भूमिका आदिनाथ कोठारे यांनी केली. तात्या विंचूचे वैर पुढच्या पिढीवर येते, ही लेखनाच्या दृष्टीने सरळ आणि प्रामाणिक सोय होती. बाहुला जसाच्या तसा आणि त्याच्यासमोरची माणसे बदललेली, यात जी भीती दडलेली होती ती आणखी पिळून काढता आली असती, एवढेच आमचे म्हणणे.

तिसऱ्या भागात एआयच्या मदतीने लक्ष्मीकांत बेर्डे यांना पडद्यावर आणण्याचा विचार कोठारे यांनी बोलून दाखवला आहे. त्यामागची माया आम्ही ओळखतो, ती दोघांच्या कित्येक चित्रपटांनी कमावलेली आहे. तरीही आम्ही या मार्गाच्या विरोधात आहोत. लक्ष्याचा विनोद समोरच्या नटाच्या वाक्याला किती वेळाने प्रतिसाद द्यायचा यात होता. तो ठोका त्या दिवशी, त्या टेकला, समोरच्या माणसाकडे पाहून ठरायचा. चेहरा उभा करता येईल, हा ठोका कोणाकडून मागणार? जुने फोटो, जुनी रिळे आणि कथेतली त्याची रिकामी खुर्ची यांनी जास्त काम होईल.

मुलाकडे वारसा देण्याची वाटही वाटते तेवढी सोपी नाही. इंडियाना जोन्सच्या चौथ्या भागात (2008) टोपी घरंगळत मुलाच्या पायाशी येते, तो ती डोक्यावर ठेवणार एवढ्यात बाप ती काढून घेतो. प्रेक्षक हसले, पण मालिका तिथेच अडकली. पाचव्या भागात त्या मुलाला कथेबाहेरच मारावे लागले. याउलट जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या मार्लवाईचे कनकराजू पाहा. गुसाडी नृत्यासाठी त्यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली, 2024 मध्ये ते गेले. आयुष्यभर नाचलेल्या या माणसाने गोंड मुलांना नाच शिकवला. मोरपिसांचा तो भारदस्त टोप दिवाळीत तरुण डोक्यांवर चढतोच. ‘आदित्य’ चा दुसरा भाग जेव्हा होईल, तेव्हा बालकृष्ण यांनी मुलाला कालयंत्राची चावी नुसती सोपवू नये, ते चालवायला शिकवताना दिसावे. शिकवणे हे दृश्य आहे. आशीर्वाद देणे हे दृश्य नाही.

‘नवरा माझा नवसाचा’ साहसपट नाही, पण प्रवासपट आहे म्हणून एक निरीक्षण. 2004 च्या पहिल्या भागात एसटी होती, 2024 च्या दुसऱ्या भागात कोकण रेल्वे आली. अशोक सराफ तेव्हा सत्याहत्तर वर्षांचे होते. प्रवासाचे वाहन बदलल्याने वयस्क नटांना बसायला, उठायला, बोलायला वेगळी लय मिळाली. लोकेशन निवडणे हेही वय लिहिणे आहे.

आपल्याकडे या सगळ्यासाठी एक तयार पात्र पडून आहे. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेवर 1987 मध्ये दूरदर्शन मालिका आली, तेव्हा सुमीत राघवन शाळकरी फेणे होते. आदित्य सरपोतदार यांच्या 2017 च्या चित्रपटात अमेय वाघ यांनी त्याला महाविद्यालयाच्या वयात आणले, आणि प्रभावळकर त्यात चक्क भागवत झाले होते. राघवन आता पन्नाशी ओलांडून गेले आहेत. पन्नाशीतला बनेश फेणे अजून कोणी लिहिलेला नाही. त्याची सायकल आहे का, त्याचे गुडघे सायकलीला साथ देतात का, त्याच्या गावाची, फुरसुंगीची, शेते गेल्यावर तो पाठलाग कुठल्या रस्त्याने करतो, ज्या चोराला पूर्वी धावून पकडले असते त्याला आता कुठे गाठून बसतो, हे सारे कोऱ्या कागदावर आहे.

अशा फेणेच्या पटकथेची पहिली दहा दृश्ये कोणी लिहून पाठवली, तर हे मासिक ती आनंदाने छापेल. अट एकच. पाठलाग सुरू झाला की फेणे कितव्या वळणावर थांबतो आणि थांबल्यावर काय पाहतो, ते दृश्यात लिहिलेले हवे.